विहिणीच्या शिव्यांचा पंचनामा

निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, साहेब, तुमची सर्वांत अवघड केस कोणती? त्यांना खून, दरोडा असलं काही हवं असतं. मला मात्र एक कॅसेट आठवते, आणि ती आठवली की आजही कान गरम होतात.

धरमपेठेतल्या एका जुन्या बंगल्यात लोकगीतांचा संग्रह आहे. एक निवृत्त प्राध्यापक तो सांभाळतात. तरुणपणी ते टेपरेकॉर्डर घेऊन खेडोपाडी हिंडले. जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, मांडवातली गाणी, जे कानावर पडलं ते भरून आणलं. आता ते सगळं इंटरनेटवर टाकायचं चाललं होतं. पेपरात बातमी आली, आणि नेमकी सावनेरकडच्या एका लग्नातली कॅसेट नाहीशी झाली.

प्राध्यापक सर माझ्या ठाण्यात फिर्याद द्यायला आले. फिर्याद लिहिणाऱ्या रायटरने मालाचं वर्णन विचारलं, तर सर टेबलावर ताल धरून त्यातली चालच गुणगुणायला लागले. रंग, कंपनी, लेबल, काही धड सांगता येईना. मी विचारलं, "इतक्यात तिथे कोण कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

मी शब्द फिरवून पुन्हा विचारलं. पुन्हा कोणी नाही.

मग मी माझं डोकं चालवलं, आणि ते चाललं की खात्याचं नुकसान ठरलेलं. सदर भागात जुन्या रेडिओंचा एक दुकानदार होता. त्याने कधीतरी सरांकडे कॅसेटी विकत मागितल्या होत्या. त्याला ठाण्यात आणून दुपारभर प्रश्न विचारले. कॅसेट तर मिळाली नाहीच, उलट जाताना त्याने मला एक रेडिओ विकला. घरी आणल्यापासून तो मुका आहे.

शेवटी माझा एक खबरी, ऑटोवाला, कामी आला. "साहेब, धरमपेठेतून एक म्हातारी बसली होती. सावनेरची गाडी पकडाची होती तिले. थैली पोटाशी धरून. मी म्हटलं, बाजूले ठेव ना वं आजी. तं म्हणे, तू गाडी हळू चालव गा, ह्याच्यात माही अब्रू हाये."

मी तसाच सरांकडे गेलो. "एखादी म्हातारी बाई आली होती का?"

"हो, आल्या होत्या ना. त्या कॅसेटमधल्या मुख्य गायिका त्याच. चहा घेतला, आपलं गाणं ऐकलं, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

"मग कोणी आलं नाही म्हणालात ते?"

"अहो, त्या घरच्याच! बाहेरचं कोणी नाही आलं."

मी कपाळावर हात मारला. दुसरं काही मारण्यासारखं जवळ नव्हतं.

वयस्कर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब तिच्या घरीच घ्यावा लागतो. महिला शिपाई, ओळख पटवायला सर आणि सरांचा टेपरेकॉर्डर घेऊन मी गावात पोचलो. आजींच्या अंगणात पापड वाळत होते, भिंतीला नवा चुना होता. नातीचं लग्न जमलं होतं.

"कोणती कॅशेट गा बावा? माह्या घरी टेप बी नाही," आजी म्हणाल्या.

तास गेला. चहा झाला, चिवडा झाला, कबुली काही होईना. मग मी एक पुडी सोडली. "जाऊ द्या आजी. सरांजवळ दुसरी कॉपी आहेच."

आजी ताडकन उठल्या. "दुसरी? एकच हाये म्हणे ना हा मेला!"

सर खाली पाहू लागले. माल निघाला तुरीच्या डाळीच्या पिंपातून. आजी हात जोडून म्हणाल्या, "नेता तं ने, पण वाजवू नोको. माह्या नातीचं वाट्टोळं होईन."

का होईल, हे काही सांगेनात. आता इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. पण माझ्या डोक्यात पंचनामा होता. माल तोच आहे हे पंचांसमक्ष ऐकून ठरवायला हवं. एक पंच शेजारचा घेतला. दुसरा म्हणून शिपाईबाईंनी समोरच्या ओट्यावर बसलेला, पांढरेशुभ्र कपडे घातलेला भारदस्त गृहस्थ आणला. पंचाचं नाव-गाव आधी विचारायचं, हे नव्या शिपायालाही माहीत असतं. मी कपड्यांची इस्त्री पाहिली आणि नाव-गाव सहीच्या वेळी लिहू म्हटलं. त्याला पाहून आजींनी पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, पश्चात्ताप झाला.

टेप सुरू केला. मांडवातल्या बायकांचा कल्ला, आणि त्यावर आजींचा तरुण, खणखणीत आवाज. त्या लग्नातल्या नवऱ्या मुलाच्या आईला, म्हणजे विहिणीला, तिच्या नावागावासकट शिव्या:

*विहीण आली ठुमकत, नाकाची नथ झुलवत,*
*जेवली पंगत उठली, गेली कढई पळवत!*

नीट ऐकू यावं म्हणून मी ते परत परत वाजवलं. भारदस्त गृहस्थ उभे राहिले. "साहेब, हे माह्या मायचं नाव हाये."

ते नातीच्या होणाऱ्या नवरदेवाचे वडील होते. लग्नाची बोलणी करायला आले होते. सही न करता त्यांनी मोटरसायकलला किक मारली. नात आत पळाली. सर मात्र खूश. "पाहिलंत? अजून किती जिवंत आहे हे!"

आजी मटकन बसल्या. "मांडवातल्या शिव्या मांडवातच जिरतेत गा. मांडव निंगाला का कोणी ध्यानात ठेवत नाही. ह्या बुवानं त्या भरून ठेवल्या, न् तू आणून वाजवल्या."

दुसरा पंच आणून पंचनामा पुरा केला, कॅसेट सील केली आणि मान खाली घालून परत आलो.

दुसऱ्या दिवशी ठाण्यासमोर जीप थांबली. ते गृहस्थ आणि त्यांच्या आधाराने त्यांची आई. तीच विहीण. वय झालेलं, नजर मात्र झडतीवॉरंटसारखी.

"वाजव."

"आजी, मुद्देमाल सील झालाय. कोर्टाच्या आदेशाशिवाय..."

"माह्या नावाच्या शिव्या, न् मीच आयकू नोको? मग तू म्हण. तुले तं पाठ झालं असन."

झालं होतं, हीच पंचाईत. हवालदार, रायटर, लॉकअपमधला पाकीटमार, सगळे कान देऊन. आणि मी, खाकी वर्दीत, टोपी टेबलावर ठेवून, एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर तिला कढईचोर म्हणत गायलो.

ती हसली नाही, चिडलीही नाही. "पुढं?"

"पुढे काही नाही. कॅसेट संपली."

"संपली कशी? मी भर मांडवात उभी राहून उत्तर देल्लं होतं. सारा मांडव लोटपोट झाला होता. ते कुठं हाये?"

सरांना फोन लावला. त्या लग्नाला ते वधूपक्षाचे पाहुणे म्हणून गेले होते. पहिल्या पंगतीची हाक आली, म्हणून टेप बंद करून जेवायला बसले.

म्हातारीचा पारा तेव्हा चढला. "शिव्यांचा राग कोणाले हाये गा? विहिणीले शिव्या नाही द्यायच्या तं कोणाले? पण तिचं जपून ठेवलं, न् माहं उत्तर हवेत गेलं! एकाच बाजूचा जबाब घेऊन केस बंद करत असते का तू?"

नोकरीत वरिष्ठांनी पुष्कळ झापलं होतं, पण असं वर्मावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. ज्याचा आवाज आधी कानावर पडला, त्याचंच खरं धरून मी आयुष्यभर पळत सुटलो होतो. तेव्हापासून समोरच्याचं उत्तर ऐकल्याशिवाय मी मत बनवत नाही. उशिराच कळलं, पण कळलं.

तिने अट घातली. आपलं उत्तर भरून घ्या, दोन्ही एकत्र जगाला ऐकवा, तरच पोरीचं लग्न. सर यंत्र घेऊन धावले, आणि कोर्टाच्या परवानगीने चोरीचं प्रकरण तडजोडीत मिटवलं. म्हातारीने आजींसमोर बसून ठणकावून म्हटलं:

*कढई नेली नेली, होती कोरडी ठाक,*
*वरण तुमचं पातळ, पंगतीत उडाली राख!*

आजींनी तिच्या पाठीत धपका घातला. "हे तवा कल्ल्यात मले आयकू आलं असतं तं मी अजून दोन म्हटले असते वं!"

लग्नाला मलाही आमंत्रण होतं. मांडवात दोघी म्हाताऱ्या एकमेकींना सोडून शिव्यांची गाणी म्हणत माझ्या मागे लागल्या. पंच पारखायला कपडे पाहणारा ठाणेदार, त्याचं पोट, त्याचा मुका रेडिओ. ही शेवटची बातमी शिपाईबाईंनी पुरवली, हे उघड होतं. टेप भरत बसलेल्या सरांना मी खूण केली, बंद करा. म्हातारी ओरडली, "चालू राहू दे! साहेबाले उत्तर द्यायचं असन तं उभं राहू दे त्याले."

मी उभा राहिलो. घसा खाकरला आणि खाली बसलो.

तेही आता त्या संग्रहात जपून ठेवलेलं आहे.