डावखुऱ्या गिटारीवरचा अंगठा

डावखुऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी रोह्याला जाऊन यावं, असं माझं स्पष्ट मत झालंय. का ते सांगते.

मी हळदी-लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते, तीही डाव्या हाताने. आता डावखुरी गिटार दुकानात मिळते कुठे? म्हणून इतकी वर्षं उजवीच उलटी धरून, तारा उलट्या चढवून वाजवली. त्यात एक भलताच जाच असतो. आवाजाचं बटण खाली असायचं ते वर येतं, थेट माझ्या मनगटाखाली. गाणं रंगात आलं की मनगट घासतं आणि गिटारचा आवाज गायब! लोक स्पीकरवाल्याला शिव्या घालतात, मी आपली साळसूद चेहरा करून उभी. रोह्याजवळ इलेक्ट्रिक गिटारींचा एक छोटा कारखाना आहे असं कळलं, तेव्हा मी अक्षरशः नाचले आणि डावी गिटार सांगून मोकळी झाले. सोमवारी फोन आला की रंग होत आलाय, बघून जा, शनिवारच्या हळदीआधी नक्की देतो.

पनवेलहून नंदूच्या गाडीने निघालो. नंदू आमच्याकडे ऑक्टोपॅड वाजवतो, त्यामुळे खड्डा आला की स्टिअरिंगवर ठेका धरतो, आणि या हायवेवर त्याला ठेक्याची कमी पडत नाही. पेणला मिसळ आणि चहा, दोघांचं दोनशेच्या आत झालं. पापड मात्र परतताना घ्या, जाताना घेतलेत तर रोह्याला चुरा उतरवाल. पुढे गडब गावात पुन्हा चहा. तिथल्या टपरीवाल्या काकांना मी कुणी न विचारता सगळी गिटारकथा ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि नंदूला म्हणाले, सांभाळून न्या यांना.

नागोठण्याहून आत वळलात की रस्ता बरा आहे, फक्त धाटाव एमआयडीसीची शिफ्ट सुटायची वेळ टाळा. आम्ही नेमके तेव्हाच पोचलो आणि कंपनीच्या बसमागे गोगलगाय झालो.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. आत लाकडाच्या भुशाचा गोड वास, भिंतीला टेकवलेल्या गिटारींच्या माना, एका टेबलावर वायरी जोडणाऱ्या बायका. मी खाऊच्या दुकानात सोडलेल्या पोरीसारखी फिरत होते. तुम्ही गेलात तर आधी फोन करा, बंद बूट घाला, आणि रंगाच्या खोलीत कशालाही हात लावू नका. हे शेवटचं दोनदा वाचा.

रंगाचं काम मंदाताईंकडे आहे. माहेर हमरापूरचं, गणपती रंगवण्यात हात बसलेला, अजूनही हंगामात सुट्टी टाकून भावाच्या मदतीला जातात. मला बघून हसल्या. म्हणाल्या, आमच्यात डाव्या सोंडेचा नेहमीचा आणि उजवा सांगून करून घेतात, तुझं उलटंच गो. मग पडदा सारला.

आकड्याला टांगलेली, जास्वंदीच्या रंगाची, चकचकीत. माझी! बटण जिथे असायला हवं तिथे, खाली. वर मनगटाच्या जागी काहीच नाही. खरंच काही नाही ना, म्हणून मी अंगठा टेकवला.

थर ओला होता. अंगठा उठला, रेषान्‌रेषा.

नंदूचा ठेका पहिल्यांदाच बंद पडला. मला रडूच फुटलं. घासून पुन्हा रंगवायची तर शनिवार हुकणार, असं मंदाताईंनी सांगितलं. म्हणजे पुन्हा ती उलटी गिटार आणि तोच जाच. तसाच वरून पारदर्शक थर चढवला तर वेळेत मिळेल, पण ठसा कायमचा आत राहील. एवढी वर्षं वाट बघून घेतलेल्या गिटारीवर पहिल्याच दिवशी डाग! मी नुसतीच हुंदके देत होते.

मंदाताईंनी स्टूल ओढून मला बसवलं.

"गिऱ्हाईक डोळ्यानं बघतच नाय, हातानं बघतं," त्या म्हणाल्या. "दरसाल गणपतीच्या पोटावर कुणाचा तरी अंगठा असतोच. तो पुसायलाच लागतो, गणपती सगळ्यांचा. ही तर तुझी एकटीची हाय. पुसू का ठेवू?"

"ठेवा," मी म्हणाले, आणि रडता रडता हसायलाच लागले.

परतताना पेणला पापड घेतले, उडदाचे आणि पोह्याचे. शुक्रवारी नंदू गिटार घेऊन आला, तर तिच्या डोक्यावर रुमाल बांधलेला. घरी पोचेपर्यंत सोडायचा नाही अशी मंदाताईंची ताकीद होती, गणपती तोंड झाकून आणतात तशी. पठ्ठ्याने ती पाळली.

शनिवारची हळद दणक्यात झाली. आज घरी बसून हे लिहितेय, पापड संपत आलेत, गिटार मांडीवर आहे. जिथे इतकी वर्षं बटण होतं, तिथे आता माझा अंगठा आहे. वाजवताना मनगट त्यावर घासतं, आणि आवाज जरासुद्धा कमी होत नाही.