दोन ट्रम्पेट आणि एक हलणारा दात

त्या वर्षी दिवाळी सरली आणि माझ्या वरच्या ओळीतला समोरचा एक दात हलायला लागला. दुसऱ्या कोणाचा हलला असता तर त्याने भुईमुगाच्या शेंगा खाणं सोडलं असतं आणि विषय संपला असता. मी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत होतो. ज्यातून फुंकायचं तो माउथपीस ओठांवर टेकतो, ओठ दातांवर टेकतात, आणि वरचा सूर काढायचा तर माणूस नकळत दाबतो. मी दाबलं की दात आत जायचा, सोडलं की जागेवर यायचा. त्याला जिभेने सारखं चाचपून पाहायची मला सवय लागली. जेवताना, सायकल चालवताना, कोणी बोलत असताना, कधीही.

ही ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. वर्ध्यातल्या एका बँड पार्टीत मला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती आणि गाण्याची मुख्य चाल माझ्याकडे होती. बाकीचे माझ्या मागून यायचे. याचा मला नको तितका गर्व होता, आता कबूल करायला हरकत नाही. ट्रम्पेट सुटलेल्या माणसाच्या हातात आमच्याकडे झांजा देत. आमचा झांजवाला म्हातारा एके काळी माझ्याच जागेवर होता. तो स्वभावाने आनंदी होता, सगळ्यांची मस्करी करायचा, पण मला त्याच्याकडे बघवत नसे.

म्हणून मी दाताचं कोणालाच सांगितलं नाही. दाताच्या डॉक्टरकडे गेलो नाही, कारण तो काढूनच टाकील अशी धास्ती होती. पोळी वरणात कुस्करून खायला लागलो तेव्हा बायकोने काय झालं म्हणून विचारलं. घसा धरला आहे, असं मी ठोकून दिलं. तिने महिनाभर मला हळदीचं दूध पाजलं.

अशात एक दिवस मास्तर घरी आले. मास्तर म्हणजे आमच्या बँडचे मालक. स्वतः क्लॅरिनेट वाजवत, मितभाषी, आणि कान असा की पंचवीस जणांच्या गोंगाटात कोणाच्या वाद्याची कळ अडकली ते नेमकं सांगायचे. त्यांनी खबर आणली होती. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले एक सुभेदार राहत. त्यांच्याकडे दोन विलायती ट्रम्पेटं होती आणि त्यातलं एक ते द्यायला तयार होते. कोणतं घ्यायचं ते मी ठरवायचं होतं. "वाजवाचं तुले हाय," मास्तर म्हणाले, "तूच पाह्यजो."

एरवी मी नाचलो असतो. आमची ट्रम्पेटं साधी होती. थंडीत कळा अडकत, मग रॉकेलचे दोन थेंब सोडून त्या मोकळ्या कराव्या लागत. विलायती ट्रम्पेट हातात घ्यायचं स्वप्न आम्ही सगळेच पाहायचो. पण मला त्या रात्रीपासून एकच काळजी लागली. लग्नाच्या मिरवणुकीत ढोल असतो, ताशा असतो, पोरांची ओरड असते. त्या गदारोळात वरचा सूर आला की मी वर न जाता खालूनच वळून येत असे, आणि दिवाळीपासून ते खपून गेलं होतं. सुभेदारांच्या खोलीत मी एकटा वाजवणार, आणि हातभर अंतरावर मास्तर बसणार. 

रविवारी सकाळी आम्ही सायकलींनी नालवाडीला गेलो. सुभेदार उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. ओसरीवरच्या बाजेवर त्यांनी दोन पेट्या उघडून ठेवल्या होत्या. एका पेटीत इंग्लंडचं चांदीचा मुलामा दिलेलं ट्रम्पेट होतं, दुसरीत अमेरिकेचं पितळी. मी आधी नुसती उचलून पाहिली. चांदीचं हाताला जड आणि गार लागलं. पितळी हलकं, त्याच्या पुढच्या रुंद तोंडाचा पत्रा इतका पातळ की नखाने टिचकी मारली तर बराच वेळ गुणगुणत राहिला. दोन्हींच्या कळांसारख्या कळा मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. बोट ठेवलं की खाली, उचलायच्या आधी वर. मला माझ्या आधीच्या सगळ्या वर्षांचा राग आला.

प्रत्येक पेटीत त्या त्या ट्रम्पेटचा माउथपीस होता. सुभेदार तो लावून देऊ लागले तेव्हा मी खिशातून माझा काढला. आमच्या धंद्यात हा नियम पक्का. आम्ही एका बिडीचे झुरके चौघं मारू, एका गिलासात पाणी पिऊ, पण दुसऱ्याच्या माउथपीसला तोंड लावणार नाही. सुभेदार म्हणाले की त्यांनी दोन्ही उकळत्या पाण्यातून काढले आहेत, आणि ज्याचा माउथपीस त्यालाच लावल्याशिवाय त्या ट्रम्पेटचं खरं समजणार नाही. मास्तरही म्हणाले, लावून तर पाहा. मी नियमावर अडून बसलो. नियम खरा होता, पण मी त्याच्या आड लपलो होतो. पंधरा दिवसांपासून वाजवल्यावर माझ्या माउथपीसला रक्त लागत होतं. माझा मी अंगठ्याने पुसून टाकायचो. सुभेदारांचे ते लखलखीत माउथपीस मी कसे पुसणार होतो?

माझा माउथपीस पितळी ट्रम्पेटमध्ये जरा सैल बसला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली तेव्हा नीट झाला. फुंकर घातली आणि सूर सरळ बाहेर आला, मोकळा, उबदार, खालच्या पट्टीत तर घरच्या माणसाने हाक मारावी तसा. दात फारसा बोलला नाही. चांदीच्या ट्रम्पेटमध्ये मात्र तोच माउथपीस भलताच आत गेला, आणि सूर जो निघाला तो रुसल्यासारखा. मधले सूर गुदमरत होते, वरचे येईनात. ते आणायला मी दाबलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मी शिंक आल्याचं सोंग केलं. एवढ्या नावाजलेल्या वस्तूचा हा आवाज, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा.

 सुभेदार म्हणाले की तुम्ही लोक चालत वाजवता, तर चालूनच पाहा. आम्ही रस्त्यावर आलो. मास्तर पन्नास पावलं पुढे जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, म्हणजे कोणतं वाजतं आहे ते त्यांना दिसू नये. मी एकच चाल दोन्हींवर वाजवत गेलो. चालताना प्रत्येक पावलाचा धक्का थेट दातात जात होता. पावलं इतकी जपून टाकत होतो की गोठ्यापाशी उभी असलेली एक बाई हसली. वरचा सूर आला तेव्हा दोन्ही वेळा मी खालून वळलो. दुसरा इलाज नव्हता.

मास्तर परत आले. "दोन्हीत तूच वाजून राह्यला," ते म्हणाले. "मले तर फरक नाई समजला."

मी लगेच पितळीचं नाव घेतलं. सूर गोल आहे, लांबवर जाईल, लग्नाला असाच लागतो, असं बरंच काही बोललो. त्यातलं एकही मला रस्त्यावर ऐकू आलेलं नव्हतं. मला फक्त एवढं कळलं होतं की त्याने कमी दुखतं.

मास्तर विहिरीवर हातपाय धुवायला गेले. सुभेदारांनी माझ्यापुढे हात केला आणि मला काही सुचायच्या आत ट्रम्पेटमधून माझा माउथपीस काढून घेतला. उजेडात धरून पाहिला. मग स्वतःच्या रुमालाने पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

"दात हालून राह्यला ना?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली. ते आत गेले, चांदीच्या ट्रम्पेटचा स्वतःचा माउथपीस घेऊन आले आणि त्याला लावला. नियम बाजूला ठेवा, दाबू नका, ओठांवर नुसतं टेकवा, म्हणाले. मी टेकवलं. हळू फुंकलं. त्या ट्रम्पेटने माझ्याकडून काही मागितलंच नाही. सूर भरून निघाला, स्वच्छ, आणि मी भीत भीत वर गेलो तर वरचा सूर तिथे आधीच होता. दिवाळीपासून मी तो माझ्या तोंडून ऐकला नव्हता. 

मास्तर तोंड पुसत परत आले. "मंग," त्यांनी विचारलं, "कोनतं ठरलं?"

चांदीचं, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. पण तो म्हटला तर मत कसं फिरलं ते सांगावं लागणार, मग मघाशी दुसऱ्याचा माउथपीस का नको होता ते, आणि मग दाताचं. घाबरलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं, एका शब्दामागे त्याला दहा प्रश्न दिसतात. सुभेदार माझ्याकडे पाहत होते. त्यांनी ते माझ्यावर सोडलं होतं.

"पितळीच," मी म्हणालो.

 मास्तरांनी पितळी ट्रम्पेटची पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली.

पुढच्या लग्नसराईत ते ट्रम्पेट पाहायला लोक गर्दी करायचे, आणि मी रोज थोडा जास्त घाबरायचो. खोलीत जो सूर घरच्या हाकेसारखा वाटला होता तो उघड्यावर ढोलापुढे टिकत नव्हता. मग मी दाबायचो. एप्रिलमध्ये आष्टीला एक लग्न होतं. दुपार कलल्यावर नवरदेवाला मारुतीला नेत होतो. देऊळ समोर आलं, नवरदेवाचे मित्र नाचायला लागले, चाल वर चढली आणि माझ्या तोंडात काहीतरी कट् झालं. दात जिभेवर होता. तोंड रक्ताने भरलं आणि मी थांबलो.

चाल मात्र थांबली नाही. मी सोडला त्याच सुरावर क्लॅरिनेट सुरू झालं. मास्तर माझ्या डाव्या हाताला होते. कोणाच्या लक्षात काही आलं नाही, नाचणाऱ्यांचा एक ठेकासुद्धा चुकला नाही.

नवरदेवाला देवळात बसवून आम्ही परतलो, तेव्हा मांडवाच्या मागे मास्तरांनी मला मिठाचं पाणी आणून दिलं. मी गुळण्या केल्या आणि त्यांना विचारलं की त्यांना कधीपासून माहीत होतं.

"दिवाळीपासून," ते म्हणाले. "वरचा सूर आला का तू खालूनच वापस येत होता. तवापासून मी तुह्या बाजूनं चालतो."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तू सांगशील म्हनलं." ते क्लॅरिनेट पुसत होते. "नालवाडीले त्याच्याचसाठी नेलतं तुले. सुभेदारानं मले पयलेच सांगतलं होतं, चांदीचं हळू फुकलं तरी बोलते, दातवाल्या मानसाले तेच पाह्यजे. तू पितळीच म्हनलं. वाजवनारा तू, मी काय बोलू?"

चांदीचं ट्रम्पेट अजून सुभेदारांकडे आहे का, हे मी विचारलं. नागपूरचा एक बँडवाला होळीच्या आधीच घेऊन गेला होता.

मांडवातून कोणीतरी हाक मारली. नवरदेव मारुतीहून मांडवात आणायचा होता. मास्तरांनी माझ्या मांडीवरचं ट्रम्पेट उचललं, त्यातून माझा माउथपीस काढून माझ्या हातात दिला, आणि ट्रम्पेट आमच्या दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याकडे नेऊन दिलं.