आमच्याकडे राहिलेली धावपटू

त्या कोचला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही लंडनजवळ वॉटफर्डला राहत होतो. आमचे हे हॉस्पिटलात डॉक्टर, मुलगा युनिव्हर्सिटीत गेलेला. त्याच्या रिकाम्या खोलीत एक इथिओपियन मुलगी भाड्याने राहायला आली. विशीही न गाठलेली, लांब पल्ल्याची धावपटू. जवळच्या धावण्याच्या क्लबच्या कोचने तिला लंडनच्या एका शर्यतीत हेरून आणलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मी आंबोळ्या केल्या. तिने एक उचलून उजेडात धरली, जाळी पाहिली आणि हसायलाच लागली. त्यांच्याकडे असंच आंबवलेल्या पिठाचं करतात म्हणे, फक्त परातीएवढं मोठं. बुधवारी-शुक्रवारी तिचा उपास असायचा, म्हणजे मांस, दूध, अंडी बंद. माझ्या आमटीभाताचं आणि तिचं छान जमलं. ती मला 'मदर' म्हणायची.

पहिल्या हिवाळ्यात ती क्रॉस-कंट्रीच्या शर्यती जिंकत सुटली. मग कोचची हाव वाढली. दर शनिवारी तो तिला सगळ्या मुलींसमोर वजनकाट्यावर उभं करायचा आणि आकडा मोठ्याने वाचायचा. "हलकी हो, म्हणजे अजून जोरात पळशील." ती ताटातलं अर्धं ठेवायला लागली, मग जेवायला खालीच येईना. पाळी थांबल्याचं तिने मला कुजबुजत सांगितलं. एका सकाळी जिन्यात चक्कर येऊन पडली. ह्यांनी रक्त तपासून घेतलं. "ॲनिमिया आहे. पळणं एकदम बंद," हे म्हणाले.

तिला घेऊन मी ट्रॅकवर गेले आणि कोचला सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "तुमच्या तेलकट करीने ती सुस्तावलीय. नाहीतरी ती आता संपली. मला दुसरी मुलगी मिळालीय."

गाडीत ती रडत होती. मी इतकी संतापले होते की राउंडअबाउटवरून भलत्याच रस्त्याला लागले.

"मदर, मला त्याला हरवायचंय."

"हरवू. आधी जेव."

नाचणीची भाकरी, पालेभाजी, खजूर, ह्यांनी सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या. कित्येक महिने ती नुसती चालली. मग कालव्याच्या काठाने हळूहळू पळू लागली, दुसऱ्या क्लबात तिने नाव घातलं. कणीक मळताना मला त्या माणसाचं तोंड दिसायचं. त्या वर्षी माझ्या पोळ्या फार मऊ झाल्या.

पुढच्या हिवाळ्यात कौंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, शर्यत होती. सगळीकडे चिखल. कोचची नवी मुलगी पुढे होती. शेवटच्या चढावर आमची तिच्या बरोबरीला आली आणि मागे वळूनही न बघता निघून गेली. मी घसा बसेपर्यंत ओरडले, तेही मराठीत.

शर्यत संपल्यावर कोच हात पुढे करून आला. "मला माहीतच होतं, तू करून दाखवशील."

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी तिच्यासाठी आणलेला पोळीभाजीचा डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

"घ्या ना. तेलकट आहे, पण पळता येतं."

तो लालबुंद होऊन निघून गेला. माझं तेवढ्याने भागलं नाही. त्याची नवी मुलगी काडीसारखी झाली होती, घोंगडीत थरथरत होती. तिची आई शेजारीच होती. मी त्या आईला काटा, चक्कर, पाळी सगळं सांगितलं. नंतर बाकीच्या मुलींच्या आयांनाही फोन केले.

"आता पुरे," हे म्हणाले.

"अहो, पुरे कसं? अजून तो तिथेच आहे."

उन्हाळ्यापर्यंत बहुतेक मुली क्लब सोडून गेल्या आणि कमिटीने त्याला काढलं.

आमची मुलगी मँचेस्टरला गेली. काही वर्षं रस्त्यावरच्या शर्यती पळली, दोन-चार मोठ्या जिंकलीही. पण ऐन उमेदीचं जे वर्ष त्याने खाल्लं, ते भरून आलं नाही. मोठ्या संघात तिची निवड कधीच झाली नाही. हल्ली ती शाळेतल्या मुलींना पळायला शिकवते.

तो कोच एकदा सुपरमार्केटमध्ये दिसला. मला बघून त्याने ट्रॉली वळवली. मला काहीच घ्यायचं नव्हतं, तरी मी त्याच्या मागोमाग बिस्किटांपासून मांजरांच्या खाण्यापर्यंत फिरले. शेवटी भरलेली ट्रॉली तिथेच सोडून तो बाहेर पडला.