मास्तरांचा लाल चेहरा

पंचावन्न सालाच्या सुमाराला ह्यांचा चेहरा लाल व्हायला लागला. लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आम्ही नालवाडीत राहत होतो आणि हे वर्ध्याच्या एका शाळेत गणित शिकवायचे. जेवण झालं किंवा कुणाशी बोलाचाली झाली, की मानेपासून कपाळापर्यंत रक्त चढायचं. डोळ्यांतून पाणी वाहायचं, चेहरा सुजल्यासारखा व्हायचा. तास-दोन तासांनी ते ओसरायचं. पोट तर कायमच बिघडलेलं, आणि श्वास घेताना उजव्या बाजूला बारीक शीळ वाजायची.

जिल्ह्यात दारूबंदी होती. लाल तोंडाच्या माणसाबद्दल लोकांना एकच गोष्ट सुचायची. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "मास्तर चोरून घेऊन राह्यले वाटते. ध्यान ठेवजो, पोरी."

शाळेतही बोभाटा झाला. शाळा-तपासणीच्या दिवशी हेडमास्तरांनी ह्यांना खोलीत बोलावलं, दार लावलं आणि तोंडानं फुंकर मारायला सांगितली. ह्यांनी मारली. वास आला नाही. बाहेर कुणीतरी म्हणालं, "वेलदोडा खाल्ला असन." हे घरी सांगताना हसले, पण त्या दिवसापासून त्यांनी शाळेत जायच्या आधी जेवणं सोडलं.

आणि मी? मी त्यांची पिशवी तपासली. कोठीतले डबे उघडून पाहिले. एका रविवारी दुपारी ते झोपलेले असताना वाकून त्यांचं तोंड हुंगलं. त्यांनी डोळे उघडले.

"आला का वास?"

मी मागे सरकले.

"नाई ना? मंग तू तरी असं काऊन करून राह्यली?"

पुढच्या हिवाळ्यात खोकल्यातून रक्त पडलं. क्षय समजून सुया सुरू झाल्या, पण रक्त थांबेना. शेवटी नागपूरला नेलं. तिथं श्वासनळीत दुर्बिणीची नळी घालून पाहिलं. एक तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "हा क्षय नाही. उजव्या फुप्फुसाच्या वाटेत गाठ आहे, पिकल्या बोरासारखी लाल आणि गुळगुळीत." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "ह्यांचा चेहरा मधूनमधून लाल होतो का हो?"

मला रडूच फुटलं. हा प्रश्न आजवर कुठल्याच डॉक्टरनं विचारला नव्हता.

संध्याकाळी ह्यांच्या खाटेजवळ बसून त्यांनी समजावून सांगितलं. ही गाठ फार विरळा. ती सावकाश वाढते आणि रक्तात एक द्रव्य सोडते. त्यानंच चेहरा तापतो, पोट बिघडतं, दम लागतो. विलायतेतल्या डॉक्टरांनाही हे अलीकडेच उमगलं होतं. ह्यांच्या यकृतातही ती पसरली होती, त्यामुळे आता छाती उघडून उपयोग नव्हता.

ह्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दारूचा संबंध नाही, एवढं कागदावर लिहून द्या."

तो कागद घेऊन मीच हेडमास्तरांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला. "आम्हाले काय माहीत होतं, बाई," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते घरी आले आणि ह्यांच्या खाटेजवळ बराच वेळ मान खाली घालून बसले. ह्यांनी मला चहा ठेवायला सांगितला. मग दोघं मॅट्रिकच्या वर्गाला भूमिती आता कोण शिकवणार, याबद्दल बोलत राहिले.

होळीच्या आधी ह्यांना पुन्हा नागपूरच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथंच हे वारले. डॉक्टरांनी शवविच्छेदनाची परवानगी मागितली. दीर नको म्हणत होते. मी अंगठा नाही, सही केली.

महिन्याभरानं दिरांबरोबर निकाल आणायला गेले. डॉक्टर म्हणाले, सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी बारीक, सगळ्या सारख्या, कणसातल्या ज्वारीसारख्या दाटीनं बसलेल्या दिसल्या. पाहायला अगदी गरीब.

"किती वर्षांची असेल गाठ?" मी विचारलं.

"सात-आठ वर्षांची तरी. अशा गाठीनं वाट अडली, की सुरुवातीला न्यूमोनिया होतो. तेव्हा सापडली असती तर तेवढा भाग काढून टाकता आला असता."

परतीच्या गाडीत दीर काहीतरी बोलत होते. मी सिंदी स्टेशन येईपर्यंत वर्षं मागे मोजत राहिले. आठ वर्षांपूर्वी ह्यांना पहिल्यांदा न्यूमोनिया झाला होता. महिन्याभरात ते उठून बसले, तेव्हा आम्ही सगळ्या आळीत पेढे वाटले होते.