बाई आलीय

आम्हां दोघा नव्या डॉक्टरांना साथीच्या कामासाठी तयार करायचं, असा हिंगोलीच्या दवाखान्याला वरून हुकूम आला होता. निजामी अमलाचे दिवस. आम्ही हैदराबादेत शिकलेलो. तिथं पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर असलेले रोग इथं रोज सकाळी दारात उभे असत. नारू, हिवताप, पटकी. शिकवायला मोठे डॉक्टर होते. तिरसट, पण हाडाचे मास्तर. हिवतापात वाढलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, ते आम्हांला बोटांनी चाचपायला लावत आणि चुकलं की म्हणत, "हळू. पोट आहे ते, कणीक नव्हे."

माझा जोडीदार जुन्या हैदराबादी खानदानातला. बुद्धीनं माझ्याहून तल्लख, हे आज म्हणतो. तेव्हा मला त्याचा रागच यायचा. पटकीची लक्षणं एकदा ऐकून त्याला पाठ झाली: पेजेसारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, बसलेला आवाज, चिमटीत धरून सोडलेली कातडी तशीच उभी. शिरेत सुई घालून मिठाचं पाणी सोडताना त्याचा हात असा चाले की मोठे डॉक्टर गप्प बसत. त्यांचं गप्प बसणं हीच शाबासकी. मराठी मात्र त्याला कामापुरतीच येई; आपसांत आम्ही उर्दूतच बोलत असू.

साथ आली ती नरसीच्या रस्त्यावरच्या एका गावात. आम्ही गल्ल्या वाटून घेतल्या. दुपारी लिंबाखाली भाकरी खायला बसलो, तेव्हा मी त्याला त्याच्या गल्लीचं विचारलं.

"दोन रोगी. दोघांनाही पाणी लावलंय, कंपाउंडर बसलाय तिथं," तो म्हणाला. "एका घरी मात्र आत गेलो नाही. म्हातारबा दारातच म्हणाले, घरात बाई आलीय, आत येऊ नका. कुणी परदानशीन पाहुणी असेल. उंबऱ्यावरूनच मान लववून मागे फिरलो."

माझा घास हातातच राहिला. आमच्या मुलखात पटकीचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ती आणखी घरं हिंडते, असा समज. मरीआई घरात शिरली हे सांगायचं तर एवढंच म्हणतात, बाई आलीय. तिला परक्याची सावली खपत नाही म्हणून येणाऱ्याला दारातच थोपवतात. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, घरातच कानावर पडलं होतं. त्याच्या घरी शिकवण वेगळी: परक्या बायकांच्या दारातून माघारी फिरणं हीच अदब. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. आम्हांला तो असा बसला.

अर्थ सांगताच तो धावत सुटला. भाकरी खाताना काढून ठेवलेले बूट लिंबाखालीच राहिले. त्या घरात म्हातारबाची सून पडली होती. तिचं लेकरू शेजारणीच्या कडेवर रडत होतं. सुनेच्या मनगटाला नाडी लागेना, शिरा बसून गेलेल्या. त्यानं घोट्याजवळ कातडी कापून शीर शोधली, पाणी चालू केलं. मी बाटली उंच धरून उभा. सकाळीच हे पाणी मिळालं असतं तर, हेच दोघांच्याही मनात होतं. तिन्हीसांजेआधी ती गेली.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "पुढच्या पोरांना रोगाआधी इथले शब्द शिकवू," म्हणाले. आणि शिकवलेही. पण ती सून जाण्याआधी हे सुचायला हवं होतं, ही हळहळ माझ्या मनातून आजही जात नाही.

साथ ओसरल्यावर म्हातारबा नारळ घेऊन दवाखान्यात आले आणि थेट माझ्या जोडीदारापुढं उभे राहिले.

"साब, लई डाक्टर पाह्यले. समदे पायताणासकट घरात घुसतेत. तुमी बाई आली म्हणल्याबराबर मान झुकवून उंबऱ्यातून माघारी गेलात. तुमी आईचा मान ठेवला, म्हून ती फुडं सरकली न्हाई. सून गेली, ते आमचं नशीब. पर तुमच्यापायीच माझं नातवंड वाचलं."

एरवी गावकऱ्यांचं बोलणं मी त्याला उर्दूत करून सांगत असे. त्या दिवशी मी ते केलं नाही. गरजही नव्हती; त्याचा चेहरा सांगत होता की त्याला शब्दन् शब्द कळलाय. त्यानं दोन्ही हातांनी नारळ घेतला आणि "मेहरबानी" म्हणाला. म्हातारबा त्याच्या पाया पडले.

थोड्याच दिवसांत त्यानं राजीनामा दिला. डॉक्टरकीच सोडली, हैदराबादेत भावाच्या दुकानात बसायला निघाला. त्याच्यासारखा हात मी पुढं कुणाचा पाहिला नाही. त्या हातानं किती माणसं वाचली असती, या विचारानं अजून जीव तुटतो. स्टेशनवर मी त्याला परोपरीनं समजावलं, शेवटी चिडलोही. तो खिडकीतून शांतपणे म्हणाला, "त्या म्हाताऱ्यानं शिव्या घातल्या असत्या, तर राहिलो असतो."