मोहाच्या घोटाचं खरं

सुमी आठ वर्षांची झाली तरी कोणती चप्पल कोणत्या पायात घालायची, ते तिला रोज नव्यानं सांगावं लागे. किरनापूरच्या शाळेतले गुरुजी म्हणत, पोरगी ऐकतच नाही. बालाघाटच्या डॉक्टरांनी सांगितलं, चंचल आहे, लक्ष न टिकण्याचा आजार आहे. गोळ्या सुरू झाल्या. तिची भूक मेली, बाकी काही नाही. मी आई असून तिला मारलंसुद्धा. खोटं कशाला बोलू? देवावरचा विश्वासही उडत चालला होता.

तरी हट्टानं नवस बोलायला बिरसा गावाकडच्या जंगलातल्या देवीला गेले. तिथे मोहाची दारू वाहतात आणि घोटभर प्रसाद देतात. ती वाटी मी सुमीच्या तोंडाला लावणार, तोच मागून एका अनोळखी म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरला.

"लेकराले नोको पाजू, बाई. दवाखान्यात नर्स होती मी." मग त्या सुमीकडे बघतच राहिल्या. बारीक डोळे, वरचा ओठ पातळ, नाकाखालची खळी सपाट. हळूच म्हणाल्या, "ही पोटात होती तवा तू घेत होती काय?"

मी वाटी खाली ठेवली. उलट्या थांबाव्यात म्हणून सुईणीच्या सांगण्यावरून सासूबाई मला रोज संध्याकाळी गूळ घालून मोहाची देत. औषध म्हणूनच हो! एकाही डॉक्टरनं हे विचारलं नव्हतं, मीही बोलले नव्हते.

"हौ," मी म्हणाले.

"मंग डॉक्टरले सांग. लपवू नोको." नाव विचारेपर्यंत त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या.

घरी हे सांगितलं तशा सासूबाई उखडल्या, "आता माह्यावर खापर फोडून राह्यली काय?"

"प्याली तर मीच ना, आई. पण सांगनार म्हणजे सांगनार."

सुमीला घेऊन नागपूर गाठलं आणि तिथल्या मुलांच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी तिचं डोकं मोजलं, चेहरा निरखला, जन्माचं वजन विचारलं. म्हणाले, नुसतं चंचल मूल जवळ बसवून आठवण करून दिली की शिकलेलं करून दाखवतं. हिचं कालचं आज टिकतच नाही. पोटात पोचलेल्या दारूची खूण चेहऱ्यावरही आहे, तिनंच मेंदू दुखावलाय, तो पूर्ववत होणार नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगा, रोज त्याच क्रमानं, न मारता.

त्या दिवशी मी सुमीला कुशीत घेऊन ढसाढसा रडले, तिची माफी मागितली. देवीजवळ मी पोरगी बरी कर म्हणून गेले होते. देवीनं मला खरं दाखवलं, आणि बरी करण्याचा हट्ट तिच्या पायाशी ठेवून मी कामाला लागले.

आता संध्याकाळी देवापुढे सुमीला सांगते: आधी वात, मग तेल, मग काडी. काल तिनं एकटीनं दिवा लावला. आज पुन्हा विसरली. मी वात तिच्या हातात दिली.