दोन विहिणींचं प्रजासत्ताक

माझ्या नातीने आमच्या घरात प्रजासत्ताक स्थापन केलं, तेव्हा मी आणि माझी विहीण एकमेकींशी बोलत नव्हतो. अगदीच अबोला होता असं नाही. "मीठ कुठंय?" "होतं तिथंच." इतपत दळणवळण चालू होतं.

झालं होतं असं, की सूनबाईला दिवस गेलेले, सातव्या महिन्यात रक्तदाब वाढला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की पलंगावरून उठायचं नाही. माझा मुलगा इथे आखातात, मआमीरजवळच्या कारखान्यात इंजिनिअर, त्याच्या शिफ्टचं काही खरं नाही. त्याने बायकोला सरप्राइझ म्हणून मला पुण्याहून बोलावलं. तिने नवऱ्याला सरप्राइझ म्हणून तिच्या आईला वसईहून बोलावलं. उम्म अल हस्समच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तीन दिवसांच्या अंतराने दोन आज्या येऊन थडकल्या. सरप्राइझ कोणाला झालं ते आजवर ठरलेलं नाही.

विहीणबाई वसईच्या ख्रिस्ती. वसईच्या दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. मी शाकाहारी, इतिहासाची बी.ए., आणि निवृत्त होण्याइतकं काम मी कुठे केलेलंच नाही. त्या म्हणायच्या, "पोरगी माझी माशावर वाढलीय." मी म्हणायचे, "बाळंतपण मेथी-डिंकावर होतं." त्यांनी माझ्या वरणात व्हिनेगर कधी घातलं नाही, पण बघायच्या अशा, की आत्ता घालतील.

खरी गोम वेगळीच होती. नातीच्या वेळचं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, वसईला झालं. मी पोचले तेव्हा नात सव्वा महिन्याची होऊन बसलेली, मला बघून तिने भोकाड पसरलं. या वेळी बाळ आधी माझ्या हातात येणार, हे मी विमानात बसायच्या आधीच ठरवून टाकलेलं. आणि इथल्या हॉस्पिटलचा नियम असा, की आत एकाच बाईला सोडणार. विहीणबाईंनाही तो नियम ठाऊक होता. आम्ही दोघी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. बोललो ते मिठाबद्दल.

डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलेलं. म्हणून दोघी चिमूटभरच घालायचो. पण दुसरीने घातलंय का हे विचारायचं म्हणजे तोंड उघडावं लागलं असतं. म्हणून एके दिवशी आमटीत माझी एक चिमूट, त्यांची एक चिमूट, पुन्हा माझी शंकेची एक आणि त्यांची खात्रीची एक. सूनबाईने घास घेतला आणि रडायलाच लागली. मुलगा शिफ्टवरून नुकताच आलेला, हेल्मेट अजून हातात. म्हणाला, "खलास. आई, मम्मी, तुमच्यापैकी एकीचं परतीचं तिकीट काढतो. कोणी जायचं ते तुम्ही दोघी मिळून ठरवा."

मिळून! इथे मीठ मिळून ठरेना.

तेव्हा नात मधे पडली. ती रिफाच्या इंग्रजी शाळेत जाते, मराठी सगळं समजतं, उत्तरं इंग्रजीत येतात. शाळेत तेव्हा रोमन लोक चालू होते. "गाईज, लिसन," ती आम्हा दोघींना म्हणाली. बासष्ट आणि सदुसष्ट वर्षांच्या गाईज आम्ही! तर रोमन लोकांनी म्हणे आपल्या राजाला हाकलून दिलं आणि ठरवलं, पुन्हा एकाच्या हाती सगळं द्यायचं नाही. दर वर्षी दोन कॉन्सल निवडायचे. दोघांना सारखाच अधिकार. एक महिना कारभार याने बघायचा, पुढचा त्याने. आणि एक काही भलतं करायला लागला, तर दुसऱ्याने आडवं पडून ते थांबवायचं.

"तुमचं एकेक वीक," ती म्हणाली. "आणि थांबवायचं असेल तर से व्हेटो."

ज्याचा कारभार, त्याच्या पुढे शिपाई काठ्यांची मोळी घेऊन चालायचे. मोळीत कुऱ्हाड खोचलेली. नातीने बार्बेक्यूच्या लाकडी काड्या आपल्या लाल रिबिनीने बांधल्या आणि कुऱ्हाडीच्या जागी माझं उलथणं खोचलं.

विहीणबाईंनी मला विचारलं, "हे खरं आहे का हो? तुम्ही शिकलाय ना इतिहास?"

"खरंय," मी म्हणाले, आणि मला एकदम हसू फुटलं. कारण हे सगळं मी एकदा बोलून बसले होते, माझ्या सासूबाईंपुढे.

तेवीस वर्षांची होते. डोक्यात रोम आणि हातात कच्ची पोळी. लग्नाला दोन महिने झाले नव्हते. पदवीच्या परीक्षेत रोमच्या पेपरला चांगले मार्क पडले होते, आणि ते उतू जात होते. ओट्याशी उभी राहून सासूबाईंना मी चक्क व्याख्यान दिलं. म्हटलं, "आई, स्वयंपाकघरात एकाचीच सत्ता असू नये. रोममध्ये दोघं असायचे." सासूबाई कणीक तिंबत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "दोघं ना? चांगलंय की. मग एकीने राज्य करायचं आणि दुसरीने भांडी घासायची." दुसरी कोण, हे सांगायला नकोच. त्या काळात मला स्वप्नं पडायची, की मी जांभळ्या काठाचं वस्त्र नेसून सिनेटपुढे भाषण करतेय. रोममध्ये बाईला कसलं पद तर नव्हतंच, मतसुद्धा नव्हतं, हे पुस्तकात होतं की. पण ते पान बहुधा मी घाईत उलटलं असणार. मुलींना तिथे स्वतःचं असं नावही नसायचं. बापाच्या कुळाचं नाव सगळ्या बहिणींना, मग थोरली, धाकटी. म्हणून या लिखाणात मीही कोणाचं नाव घातलेलं नाही. त्या थोरल्या-धाकट्यांना तेवढीच सोबत.

तर प्रजासत्ताक सुरू झालं. तिकिटाची गोष्ट मुलाने तात्पुरती मागे ठेवली. "चाललं तर दोघी राहा," म्हणाला, "नाही चाललं तर मी बुकिंग करतो."

पहिला आठवडा विहीणबाईंचा. मोळी फ्रिजवर त्यांच्या बाजूला. त्यांनी जाहीर केलं, "आज हमूर माशाचं कालवण."

"व्हेटो," मी म्हणाले.

"का?"

का? असं कोणी विचारेल हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी म्हटलं, "वास."

"वासाला कारण म्हणत नाहीत."

नातीने निकाल दिला की कारण सांगावंच लागेल. आता कारण सांगायचं तर समोरची काय करणार, कसं करणार, तेल किती, चिंच किती, हे आधी ऐकून घ्यावं लागतं. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. कालवणात मीठ नावालाच होतं. व्हेटो मागे घेतला. पुढच्या आठवड्यात माझं राज्य, मी डिंकाचे लाडू काढले. त्या म्हणाल्या, "व्हेटो. तूप बघा किती आहे. तिचं वजन डॉक्टर बघतायत ना?" मी तूप निम्म्यावर आणलं. लाडू वळेनात. दोघींनी मिळून ते वाटीतून चमच्याने खाल्ले आणि त्यावर पहिल्यांदा एकत्र हसलो.

ज्या आठवड्यात राज्य नसेल, त्या आठवड्यात भांडी. माझ्या सासूबाईंची घटना आम्ही तशीच स्वीकारली. मी मासे खात नाही, पण धुवायला शिकले. आधी चिमट्याने, मग बोटांनी. विहीणबाई म्हणायच्या, "अहो, मेलाय तो. चावत नाही." संध्याकाळी भांडी आटोपली की दोघी सोफ्यावर बसायचो. सिनेट म्हणजे मुळात म्हाताऱ्यांची सभा, हे नातीकडून कळल्यापासून त्या सोफ्याला फार मान आला. जावयाचा आळस, खालच्या कोल्ड स्टोअरमधली, म्हणजे इथल्या वाण्याकडची, कोथिंबिरीची जुडी, ठराव सगळ्यावर व्हायचे. तरी हॉस्पिटलात कोण जाणार, तो विषय सभेपुढे आणायची दोघींचीही छाती झाली नाही.

नववा लागला. आठवडा माझा होता. सकाळची वेळ, मुलगा शिफ्टवर, नात युनिफॉर्म घालून बसची वाट बघत. सूनबाई म्हणाली, "डोकं फार दुखतंय. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

मी म्हटलं, "झोप झाली नसेल. लिंबू-सरबत देते, पडून राहा."

विहीणबाई पलंगाशी वाकल्या. त्यांनी लेकीच्या पावलावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला, इतकी सूज. मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे. राज्य माझं होतं. त्या बिचाऱ्या खरोखर माझ्या हुकुमाची वाट बघत होत्या, का मला तसं वाटलं, कोण जाणे.

नात दप्तरासकट उठली. "आजी, इट्स ॲन इमर्जन्सी. कॉन्सलने डिक्टेटर नेम करायचा."

संकट आलं की रोमन लोक दोघांचा कारभार बाजूला ठेवायचे आणि थोड्या मुदतीसाठी सगळं एकाच्या हाती द्यायचे. त्याला नेमायचं ते कॉन्सलने.

"मग मीच होते," मी म्हटलं. सवय!

"यू कान्ट पिक युवरसेल्फ."

मला सगळं दिसत होतं. आता जी ठरवणार, तीच आत जाणार. मी फ्रिजवरची मोळी काढली आणि विहीणबाईंच्या हातात दिली. "तुम्ही सांगाल तसं."

"व्हेटो?" त्यांनी विचारलं.

"मफी," मी म्हणाले. इथे येऊन तेवढं अरबी मला यायला लागलं होतं. मफी म्हणजे नाही, उरलाच नाही.

पुढे त्या बाईने जे केलं ते बघण्यासारखं होतं. टॅक्सी, मुलाला फोन, कागदांची पिशवी, लेकीला डाव्या कुशीवर निजवणं, सगळं एका दमात, आणि आवाज एकदाही न चढवता. मला म्हणाल्या, "तुम्ही तिचा हात धरा आणि तुमचं ते रोमचं काहीतरी सांगत राहा." मी सांगत राहिले. काय सांगितलं ते सूनबाईलाही आठवत नाही.

डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन ठरवलं. आत एकच बाई. विहीणबाई गेल्या. दारावरच्या नर्सने मला म्हटलं, "इंशाल्ला, सब ठीक होगा," आणि दार लागलं.

आम्ही दोघी बाहेर बसलो, मी आणि शाळा बुडालेली नात. मुलगा अजून रस्त्यात. नातीने मला एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. शेत नांगरत असताना त्याला बोलवायला आले, डिक्टेटर केलं, त्याने लढाई जिंकली.

"मग?"

"मग ही वेंट होम."

"मुदत संपली म्हणून?"

"नो, मुदत होती अजून. काम झालं, सो ही लेफ्ट इट."

हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. पण तेविसाव्या वर्षी मला त्यातली लढाई आवडली होती. परत नांगराकडे जाण्यात काय मोठंसं, असंच वाटलं होतं.

दार उघडलं. आत झालं ते मला नंतर सूनबाईने सांगितलं. नर्सने बाळ पुसून, गुंडाळून विहीणबाईंपुढे धरलं, तर त्या दोन पावलं मागे सरल्या आणि म्हणाल्या, "आधी बाहेर चला, बाहेर." मला दिसलं ते एवढंच, की नर्सच्या हातात गाठोडं आहे, आणि तिच्या मागे हिरव्या गाउनमध्ये विहीणबाई, दोन्ही हात रिकामे.

"पोरगी बरी आहे," त्या आधी म्हणाल्या. मग गाठोड्याकडे मान करून, "नातू आहे. घ्या. माझं काम झालं."

मी घेतला. चेहरा लालबुंद, सिनेटवर भयंकर नाराज असल्यासारखा.

"डोकं धरा नीट," विहीणबाई म्हणाल्या.

"काम झालं ना तुमचं?"

"हुकूम नाही हो हा, सल्ला आहे," असं म्हणाल्या आणि भिंतीला टेकून रडायला लागल्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून त्या कोणाची तरी आईसुद्धा होत्या. मी नातवाला त्यांच्याकडे दिलं. त्यांनी मला घट्ट धरलं, मधे तो.

तिकीट शेवटी निघालं, पण विहीणबाईंचा व्हिसा संपला म्हणून. त्या निघाल्या तेव्हा मी मोळी सोडली. रोममध्ये शहराच्या हद्दीत मोळीत कुऱ्हाड ठेवायची नाही असा नियम होता. तो मी नातीलाही सांगितला नव्हता, माझ्यासाठी राखून ठेवला होता. उलथणं मी विहीणबाईंच्या बॅगेत घातलं. "हे तुमच्याकडे असू दे," म्हटलं.

आता थालिपीठ उलटायला माझ्याकडे काही नाही. सुरीने करते, मोडतं. रविवारी वसईचा फोन येतो, पहिला प्रश्न असतो, "मीठ बघून घातलंत ना?" मी म्हणते, "व्हेटो." त्या म्हणतात, "कारण सांगा." मग मी मोडलेल्या थालिपिठापासून सुरुवात करते आणि आम्ही पुष्कळ वेळ बोलतो.